देव्हाऱ्याखालचं मेलेलं पिस्तूल

माझ्यावर गोळी झाडली गेली आहे. एकदा नव्हे, जवळजवळ रोज. सकाळच्या न्याहारीला, हसतखेळत, घरातल्या सगळ्यांच्या देखत. आणि झाडणारा कुणी वैरी नव्हता, माझ्यावर सख्ख्या भावासारखा जीव असलेला माझा धाकटा दीर होता. हे सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी, काहीतरीच तुझं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. पण मी आज जिवंत आहे ती करडईच्या तेलामुळं, आणि ते मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझे हातपाय असे गार पडले की तो गारठा अजून पुरता उतरलेला नाही.

आमचं घर श्रीगोंद्याच्या बाजूला, गावापासून लांब मळ्यात होतं. चहूबाजूंनी ऊस. घरात माणसं चारच. माझे यजमान, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे भावजी, आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. गडीमाणसं होती, पण ती आपापल्या खोपटात. माझं माहेर जामखेडकडचं, कोरडवाहू, ज्वारी आणि करडईपलीकडं काही न पिकवणारं. सासरी येताना मी गुण काय आणले ते आत्याबाईंना विचारायला हवं होतं, पण करडईच्या तेलाचा डबा मात्र दर सणाला माझ्यामागून यायचा. आणि तेलाच्या बाबतीत माझा हात फार सढळ. त्यावरून आत्याबाईंची आणि माझी रोज जुंपायची.

"तेल हाय का पानी?" त्या चुलीपाशी येऊन म्हणायच्या. "हात आखड जरा, हात."

मी मान डोलवायची आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा ओतायची. त्या काळी सुनेला एवढंच बंड परवडत होतं.

गोरे लोक बाडबिस्तरा आवरून निघाले त्या वर्षी यजमान नगरच्या कॅम्पातून एक रिव्हॉल्वर घेऊन आले. उसात रानडुकरं माजली होती, त्यासाठी खटपट करून रीतसर परवाना काढला होता. विकणारा साहेब विलायतेला चालला होता. त्यानं कॅम्पाबाहेरच्या ओढ्यात एका बाभळीवर बार काढून दाखवला, मग सहाही घरांत नवी काडतुसं भरून ते यजमानांच्या हातात दिलं. त्या दिवशी यजमान घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत. रिव्हॉल्वर हा शब्द आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसला नाही. आमच्यासाठी ते पिस्तूलच राहिलं.

लवकरच खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी सासऱ्यांची तलवार, कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ असं सगळं धुऊनपुसून देव्हाऱ्यापुढं मांडलं जायचं. पूजेची मांडामांड सुनेनं करायची अशी घरची रीत. यजमान पिस्तूल घेऊन आले आणि त्यातली काडतुसं काढायला लागले, तशा आत्याबाई गरजल्या.

"रिकामं हत्यार देवाम्होरं ठेवत्यात व्हय? उद्या रिकामं ताट वाढशील देवाला!"

यजमान बाहेर कितीही मोठे असोत, आईपुढं त्यांची वाचा बसायची. काडतुसं आत राहिली. भरलेलं पिस्तूल पाटावर बसलं आणि मी पूजेला लागले. लोखंड म्हटलं की तेल पाजायचं, हे मला माहेरी लहानपणापासून शिकवलेलं. मोटेच्या चाकाला फट दिसेल तिथं आम्ही तेल सोडत असू. मी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं. मागचा घोडा, चाप ओढल्यावर पडतो तो, जिथं आत शिरतो तिथं एक फट होती. तिच्यात मी माहेरच्या तेलाची छान धार धरली. वर हळद, वर कुंकू. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले, पण देवाच्या कामात त्यांना बोलता येईना.

नवमी झाली, दसरा झाला, तरी पिस्तूल देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यातून हललं नाही. तलवारीशेजारी त्याची जागा ठरून गेली. रोजच्या पूजेत तलवारीला कुंकवाचं बोट लागे, तसं त्यालाही लागायचं, आणि आत्याबाईंची नजर नसली की फटीत तेलाचे दोन थेंबही पडायचे. मला वाटायचं, घरात नवीन आलेल्याचं जरा जास्त करावं. माझं स्वतःचं नवेपण फार कुणी केलं नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी उसाच्या कडेला डुक्कर दिसलं. यजमान पिस्तूल घेऊन धावले. डुक्कर हाकेच्याही आत उभं होतं म्हणे. त्यांनी चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. डुकरानं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं आणि ते निघून गेलं. यजमान परत आले ते एरंडेल प्यायलेलं तोंड करून.

"साहेबानं गंडवलं," ते म्हणाले. "काडतुसं नासकी दिली. दारूच मेलीया आतली."

झालं. घरानं ते मान्य करून टाकलं. काडतुसं मेलेली, म्हणजे पिस्तूल मेलेलं. नगरला नेऊन दाखवायला पाहिजे असं बोलणं झालं, पण ऊसतोड सुरू झाली आणि सवड कुणालाच उरली नाही. मेलेलं पिस्तूल कोनाड्यात परत गेलं. काडतुसांना कुणी हात लावला नाही, कारण देवाचं हत्यार रिकामं ठेवायचं नव्हतं.

आणि मग भावजींना खेळ सापडला. ते माझ्याहून थोडेसेच मोठे, थट्टेखोर, घरात असले की घर नुसतं वाजत राहायचं. सकाळी मळ्यात जायच्या आधी ते कोनाड्यातून पिस्तूल उचलायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहायचे आणि माझ्या कपाळावर नेम धरायचे.

"वैनी, भाकरी देता का झाडू?"

मी पिठाचे हात वर करायची. "झाडा की! भाकरी तव्यावर हाय अजून."

टक्.

मी "मेले गं बाई" म्हणून भिंतीला टेकायची. यजमान मिशीत हसायचे. आत्याबाई सुपारी कातरता कातरता म्हणायच्या, "पुरं झाला मेल्याचा चावटपणा," पण त्याही हसायच्या. एकदोनदा तर भावजी घाईत विसरून निघाले तेव्हा मीच मागून हाक मारली होती. आज झाडायचं राहिलं की, भावजी! आता हे लिहिताना माझा हात थांबतो.

हिवाळ्यात मला दिवस गेल्याचं कळलं. खेळ चालूच राहिला. का थांबावा? मेलेल्या पिस्तुलाला कोण भितो?

थंडी सरत आली तेव्हा निजामाच्या हद्दीतल्या रझाकारांच्या लुटालुटीच्या बातम्या आमच्याकडं येऊ लागल्या. सरहद्दीपलीकडची माणसं गाठोडी घेऊन नातेवाइकांकडं आश्रयाला येत होती. माझ्या माहेरीही आली होती. मळ्यात एकटं घर, त्यामुळं यजमानांनी ठरवलं की पिस्तूल दुरुस्त करून घ्यायचंच. मलाही नगरला मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. दोन्ही कामं एका खेपेत करायचं ठरलं, आणि भावजीही बरोबर येणार होते. निघायच्या सकाळी स्टेशनावर जायला बैलगाडी जुंपून उभी होती. मी भाकऱ्या बांधत होते आणि भावजी उंबऱ्यावर उभे राहिले.

"चला, उरका," मी म्हणाले. "गाडी चुकंल. ओढा एकदाचा आणि द्या ते हिकडं, बांधून घेते."

त्यांनी ओढला. टक्. मी पिस्तूल घेतलं, एका पंच्यात गुंडाळलं आणि भाकऱ्यांच्या पिशवीत तळाशी ठेवलं. आगगाडीत ती पिशवी माझ्या पायाशी होती.

दवाखान्यात सगळं ठीक असल्याचं कळलं. मी खुशीत होते. तिथून टांग्यानं आम्ही भिंगारला गेलो. बाजाराच्या मागच्या आळीत एक बंदुका दुरुस्त करणारे ख्रिस्ती गृहस्थ राहत. लष्कराच्या कारखान्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती, आणि आता घराच्या पडवीतच त्यांनी आपलं दुकान मांडलं होतं. जाड भिंगाचा चष्मा, मोठा आवाज, आणि आपल्या हुशारीबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नाही. त्यांची बायको मिशनच्या शाळेत शिकवायची. तिनं मला आतल्या खोलीत, दाराशी बसवलं आणि चहा दिला. बाहेर कुठं काही तोंडात घालू नको असं आत्याबाईंनी बजावलं होतं. मी चहा प्यायले. दारातून पडवीतलं सगळं मला दिसत होतं.

त्या गृहस्थांनी पंचा सोडला, पिस्तूल उचललं, आणि एकदम त्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"भरलेलं आहे हे!"

"व्हय," यजमान म्हणाले. "पर मेलेलं हाय."

"भरलेलं हत्यार भाकरीच्या पिशवीत घालून आगगाडीतून आणलंत?"

"आवो, उडतच न्हाई ते. काडतुसं नासकी हायेत. तेच तर सांगतोय."

 त्यांनी पिस्तूल बिजागरीवर मधोमध मोडून उघडलं तशी सहाही काडतुसं त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी ती टेबलावर बुडं वर करून उभी केली आणि डोळ्याला भिंग लावलं. मग यजमानांनाही पाहायला लावलं. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक बारकी टोपी असते. चाप ओढला की घोडा पडतो आणि त्याची चोच त्या टोपीवर बसते. जोरात बसली की खड्डा खोल पडतो, आतली दारू पेटते, गोळी सुटते. हळू बसली तर नुसता पोचा येतो आणि काही होत नाही. हे ते सांगत होते आणि मी आतून ऐकत होते. मला तेव्हा एवढंच वाटलं, किती बोलतो हा माणूस.

"आता पोचा उथळ का?" ते म्हणाले. "काडतूस खोटं, का हत्यार खोटं? आधी तेवढं ठरवायचं. बाकीचं मागनं."

त्यांनी त्यातलं एक काडतूस उचललं. दुसऱ्या कुणाचं त्याच मापाचं रिव्हॉल्वर दुरुस्त होऊन पडलं होतं, त्यात घातलं. मागच्या अंगणात वाळूनं भरलेलं एक पिंप आडवं टाकलेलं होतं. ते तिकडं गेले. यजमान आणि भावजी मागोमाग गेले. भावजी जाताना माझ्याकडं बघून हसले आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून त्यांनी डोळे पांढरे केले. आमची नेहमीची थट्टा. मीही हसले.

आणि धडाम् झालं.

घर हललं. छपरातून माती पडली. माझ्या हातातली बशी खाली पडून फुटली, आणि मी फुटलेल्या बशीकडं बघत राहिले. आवाज मला कळला होता, पण तो कशाचा ते कळायला वेळ लागला. मग कळलं. ते काडतूस मेलेलं नव्हतं. त्याच काडतुसावर भावजींनी चाप ओढला होता, माझ्या कपाळावर नेम धरून. ते वाजलं नव्हतं एवढंच.

मास्तरीणबाई बशीचे तुकडे वेचायला वाकल्या. "बसा बसा, इथं नेहमीचंच आहे हे," त्या म्हणाल्या. मी दारात येऊन उभी राहिले.

ते गृहस्थ खुशीत परत आले. "काडतूस ठणठणीत आहे. साहेबानं फसवलं नाही तुम्हाला. दोष हत्यारात आहे." त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि त्यांची खुशी हळूहळू उतरली. "चाप किती वेळा ओढलात म्हणालात?"

"दोनदा," यजमान म्हणाले. "डुकरावर."

"दोनदा ओढला तर दोन टोप्यांवर पोचे पाहिजेत. चाप ओढला की चक्री एक घर पुढं सरकते, दुसरं काडतूस समोर येतं. इथं तर एकही टोपी कोरी नाही. पोच्यावर पोचा बसलाय. हे कुणी ओढलं? आणि कशावर?"

यजमानांनी भावजींकडं पाहिलं. भावजींच्या तोंडाचा रंग गेला होता. ते खाली बघून म्हणाले, "चेष्टेत वो."

"चेष्टेत कुणावर?"

 भावजींनी मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात मी होते.

मला त्या पोच्यांकडं बघायचं नव्हतं, तरी मी पुढं झाले. परक्या पुरुषांपुढं मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरायचंही भान राहिलं नाही. टेबलावर पितळेची पाच काडतुसं उभी होती. बुडाशी बारीक खड्डे. त्यातला प्रत्येक खड्डा मला माहीत होता. हा पिठाचे हात वर केले तेव्हाचा, हा मीच हाक मारून बोलावलं तेव्हाचा, हा आज सकाळचा. आणि अलीकडच्या खड्ड्यांत मी एकटी नव्हते, माझ्या पोटात माझं लेकरू होतं. मेल्याचं सोंग करून मी भिंतीला टेकत होते आणि सगळं घर हसत होतं.

"बाकीची पन झाडा," मी म्हणाले.

"काय करायचंय तुला?" यजमान म्हणाले.

"मला बघायचंय. सगळी झाडा."

मला काय हवं होतं ते मी सांगते. त्यातलं एक तरी नासकं निघावं, एवढंच. निदान आज सकाळचं तरी. एक जरी फुसकं निघालं असतं तरी मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं आणि काडतुसं उचलून ते अंगणात गेले. मी मागच्या दारात उभी राहिले. एकामागून एक सगळी वाजली. एकही चुकलं नाही. मधल्या एका बाराला भावजी पिंपाशेजारी मातीत खालीच बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेवटचा बार झाला तेव्हा यजमानांनी माझा दंड धरला होता. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी मला हात लावल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. 

मग ते गृहस्थ हत्याराकडं वळले. त्यांनी घोड्याची चोच पाहिली, झिजलेली नव्हती. चक्री हलवून पाहिली, ढिली नव्हती. घोडा बोटानं मागं ओढून सोडला, तेव्हा तो खटकन पडायच्या ऐवजी सुस्तावल्यासारखा खाली आला. "आता सापडलं," ते म्हणाले आणि मुठीच्या बाजूची पट्टी उघडून आतली कमान दाखवायला लागले. ही कमान घोड्याला ढकलते. पण कमान दिसतच नव्हती. तिच्यावर, घोड्याच्या मुळाशी, सगळ्या सांध्यांत लालपिवळा चिकटा भरला होता. त्यांनी तो पेचकसाच्या टोकावर घेतला. लांब तार निघाली.

"हे काय आहे? शेंदूर? ग्रीस?"

मला लांबूनच ओळखू आलं. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी साचतो तो चिकटा. करडईचं तेल बरेच दिवस तसंच राहिलं की असंच होतं, घासून घासून जात नाही, हे कुठल्याही घरच्या बाईला ठाऊक असतं.

"कुंकू हाय," मी म्हणाले. "हळद आन् करडईचं तेल. मीच घालत हुते. रोजच्या पूजेला."

 ते गृहस्थ पेचकस तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज तेव्हा बारीक झाला.

"बाई," ते म्हणाले, "यानं घोड्याचा हात धरून ठेवला होता. पण हे थंडीनं आवळून धरलंय. चैत्र-वैशाखात ऊन तापलं असतं, चुलीजवळ उकाडा झाला असता, की हे सैल पडलं असतं. मग..."

 पुढचं सांगायची गरज नव्हती. चैत्र पुढच्याच महिन्यात होता. आणि भावजी रोज उभे राहायचे ते चुलीसमोरच्या उंबऱ्यावर.

त्यांनी सगळं सुटं करून घासलेटात धुतलं, पुसलं, बंदुकीचं पातळ तेल नावाला लावलं आणि जुळवलं. घोडा आता असा पडायचा की मी प्रत्येक वेळी दचकत होते. नवी काडतुसं त्यांनी वेगळ्या पुडीत बांधून दिली आणि यजमानांना दम भरला. गोडं तेल नको, कुंकू नको, आणि घरात भरून ठेवायचं नाही. पिस्तूल चालू झालं म्हणून यजमानांना बरं वाटायला हवं होतं. ते पुडी हातात धरून नुसतेच उभे होते.

परतीच्या गाडीत भावजी आमच्याजवळ बसले नाहीत. डब्याच्या दाराशी उभे राहिले. स्टेशनावरून घरी येताना बैलगाडीतही चढले नाहीत, मागून चालत आले. मला त्यांचा राग आला होता का? आला होता. पण त्याहून जास्त राग मला माझ्या स्वतःच्या "झाडा की"चा येत होता. आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण आमच्यातल्या कुणीच काही वाईट करायला गेलं नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर वाटत होतं.

आत्याबाईंना यजमानांनी सांगितलं. त्या तेव्हा सुपारी कातरत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात अडकित्त्यावर आवळला गेला आणि अडकित्ता वाजला. टक्. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अडकित्त्याकडं पाहिलं. त्या दिवसानंतर तो अडकित्ता मला घरात दिसला नाही. त्या बाहेर ओट्यावर जाऊन दगडानं सुपारी फोडून खायला लागल्या, आणि का ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

भावजींनी पुढं कधीही माझी थट्टा केली नाही. मला मुलगी झाली तेव्हा ते तिला बघायला आले, आणि किती वेळ नुसतं तिच्या कपाळाला बोट लावून बसले. मी म्हणाले, "आवो, बोला की कायतरी." ते बोलले नाहीत. घरातला तो आवाज गेला तो गेलाच. मला त्याचं अजून वाईट वाटतं. माझ्या नशिबी गोळी आली नाही, पण माझा हसणारा दीर मात्र त्या दिवशी भिंगारला राहिला.

निजामाकडचा बंदोबस्त पुढं सरकारनंच केला. आमच्या मळ्याकडं वाकडी नजर करून कुणी आलं नाही आणि त्या पिस्तुलातून आमच्या घरात एकही गोळी कधी सुटली नाही. काही वर्षांनी यजमानांनी ते कचेरीत जमा करून टाकलं. कचेरीतल्या कारकुनानं घोडा ओढून पाहिला आणि म्हणाला, हे तर गच्च बसलंय. यजमानांना नवल वाटलं. ते घरी येऊन म्हणाले, भिंगारच्या त्या माणसानं काम काही नीट केलं नव्हतं. आत्याबाई ओट्यावर होत्या. मी आत होते. आम्ही दोघी गप्प राहिलो.

कारण भिंगारहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी यजमान मळ्यात गेल्यावर मी पूजेला बसले होते. पिस्तूल कोनाड्यात परत आलं होतं. मी तलवारीला कुंकू लावलं आणि पिस्तुलाशी येऊन थांबले. तेलाचं भांडं माझ्या हातात होतं. मागून आत्याबाई आल्या. त्यांनी पिस्तूल उचललं, यजमान उघडायचे तसं ते स्वतःच कसंबसं मधोमध मोडून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत हे बोट घालघालून पाहिलं, आणि रिकामंच देवापुढं ठेवलं.

"आत्याबाई, तेल घालायचं न्हाई म्हनलेत," मी म्हणाले.

"कोन म्हनलं?"

"ते भिंगारचे. आन् हेबी."

त्या माझ्याजवळ खाली बसल्या. माझं मनगट त्यांनी धरलं. चुलीपाशी हेच मनगट धरून त्या मागं ओढायच्या. त्या दिवशी त्यांनी ते पुढं ढकललं, थेट त्या फटीवर.

"वत," त्या म्हणाल्या. "हात आखडू नगंस."

तेल फटीतून आत गेलं, भरून वर आलं, पाटावर ओघळलं. आत्याबाई रडत होत्या. भांडं रिकामं झालं तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.